स्क्रीनसमोर बसलं की चेहऱ्याची आग होते

त्वचेविषयी वाचकांचे प्रश्न आणि नाशिकच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय ३४. अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दिवसाचे आठ-नऊ तास दोन मॉनिटरसमोर जातात. दिवाळीनंतर दुपारी तीन-चारच्या सुमाराला गाल लाल व्हायला लागले. आग होते, वरच्या पापण्या खाजतात आणि आता तिथली सालं निघतात. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणते, हे रेडिएशन आहे, तिच्या आतेबहिणीलाही झालं होतं. दिवाळीआधी ऑफिसला नवा रंग दिला, मॉनिटर नवे आले आणि माझी खुर्ची एसीच्या झोतात सरकली. स्क्रीन मी रोज सकाळी ओल्या वाइप्सने स्वतः पुसते, कारण धूळ मला चालत नाही. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने दोन दिवसांत बरं वाटतं, बंद केली की पुन्हा दुप्पट. सुट्टीच्या दिवशी त्रास कमी असतो. रविवारी टॅबवर दोन-तीन तास मालिका बघते, तेव्हा मात्र काही होत नाही. घरचे म्हणतात, नोकरी सोड. सोडावी का?
(सिडको, नाशिक. नाव न छापण्याची विनंती.)

उत्तर : नोकरी सोडू नका. तुमची आग खरी आहे, पापण्यांची सालं खरी आहेत, आणि त्यावर उपायही आहे. फक्त दोष स्क्रीनच्या उजेडाला देऊन थांबलात, तर खरं कारण तिथेच टेबलावर राहील आणि पुढच्या नोकरीतही तुमच्याबरोबर येईल.

मैत्रिणीला जे वाटतं, ते अनेकांना वाटतं आणि त्याला इतिहास आहे, म्हणून तो आधी सांगते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत आणि मग स्वीडनमध्ये ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांनी अशाच तक्रारी केल्या होत्या. स्क्रीनसमोर बसलं की गाल लाल होतात, खाज येते, टोचल्यासारखं होतं. तेव्हाचे मॉनिटर जाड काचेच्या नळीचे असत. रंगीत नळीत सुमारे २५ हजार व्होल्टचा दाब लागायचा आणि काचेवर स्थिर विद्युतभार साचायचा. दूरदर्शनच्या काळातल्या टीव्हीच्या काचेजवळ हात नेला की हातावरची लव उभी राहायची, ती याच भारामुळे. हवा कोरडी असली की हा भार जास्त साचतो आणि हवेतले धुळीचे कण माणसाच्या चेहऱ्याकडेही ओढले जाऊ शकतात. नॉर्वेतल्या संशोधकांनी बोट ठेवलं ते यावरच. थंड देशातली, हीटरने कोरडी केलेली ऑफिसं, त्यात ही धूळ. म्हणजे त्या काळीसुद्धा संशय ‘किरणांवर’ कमी आणि धूळ, भार, कोरडी हवा यांच्यावर जास्त होता.

त्यानंतर स्वीडनमध्ये यावर कसून काम झालं. तक्रार असलेल्या लोकांना मॉनिटरसमोर बसवून, त्याचं विद्युतचुंबकीय क्षेत्र, म्हणजे मैत्रीण ज्याला रेडिएशन म्हणते ते, चालू आहे की बंद हे त्यांना न सांगता तपासण्या झाल्या. त्वचेत फरक दिसला नाही आणि चालू-बंद कधी आहे हेही लोकांना ओळखता आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली अशा सगळ्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं की त्रास खरा आहे, कधीकधी माणसाला कामावरून घरी बसवण्याइतका मोठा आहे, पण विद्युतचुंबकीय क्षेत्राशी त्याचा संबंध सिद्ध होत नाही. दरम्यान मॉनिटरही बदलले. १९९०च्या आसपास स्वीडनने मॉनिटरच्या क्षेत्रांवर मर्यादा घालणारे निकष आणले, १९९२पासून अशा मर्यादा पाळणाऱ्या मॉनिटरवर तिथल्या कर्मचारी संघटनेची, टीसीओची, खूण दिसू लागली. आणि आज तुमच्या टेबलावर जो सपाट पडदा आहे, त्यात ती नळीच नाही. काचेवर तसा भार साचत नाही. अतिनील किरण त्यातून जवळजवळ निघतच नाहीत. उजेडाचं म्हणाल, तर दोन फुटांवरच्या मॉनिटरचा चेहऱ्यावर पडणारा उजेड शे-दोनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. भर दुपारी त्र्यंबक नाक्यावर सिग्नल सुटायची वाट बघत उभ्या राहिलात, तर तोच आकडा १ लाखाच्या घरात जातो.

आता तुमच्याच पत्रातल्या एका वाक्याकडे या. रविवारी टॅबवर दोन-तीन तास मालिका बघता आणि काही होत नाही. टॅब तर मॉनिटरपेक्षा चेहऱ्याच्या जवळ असतो. पडद्याचा उजेड तुमच्या त्वचेला सोसत नसता, तर रविवारची संध्याकाळ सगळ्यात वाईट गेली असती. हे तुम्ही स्वतः नोंदवलंत, त्याचं मला फार कौतुक वाटलं. निदानाची अर्धी वाट तुम्हीच चालून आला आहात.

मग ऑफिसात असं काय आहे, जे घरी नाही? तुमच्याच पत्रात चार गोष्टी आहेत.

रोजचे वाइप्स. ओले वाइप्स आणि स्क्रीन पुसायचे द्रव खराब होऊ नयेत म्हणून त्यात संरक्षक रसायनं घालतात. त्यांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे ॲलर्जी करण्यात इतकं कुप्रसिद्ध ठरलं की अमेरिकेतल्या स्पर्श-त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला ‘वर्षातला ॲलर्जेन’ जाहीर केलं आणि युरोपने २०१७पासून अंगावर राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांतून ते काढून टाकलं. तुम्ही वाइप्स चेहऱ्याला लावत नाही, हे मला कळतं. पण बोटांना लागलेलं पाणी तिथेच वाळतं, आणि विचार करताना, चष्मा सावरताना, डोळे चोळताना तीच बोटं पापण्यांवर जातात. तळहाताची कातडी जाड असते, तिला काही वाटत नाही. पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ, तिला लगेच कळतं. नखांना लावलेल्या रंगाची ॲलर्जीसुद्धा नखांपाशी न दिसता पापण्यांवर दिसते, ती याच वाटेने.

भिंतींचा नवा रंग. पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगांतही हीच रसायनं असतात. खोलीला रंग दिल्यावर कित्येक आठवडे ती हवेत सुटत राहतात. ज्यांना आधीपासून ॲलर्जी आहे अशांचा चेहरा आणि पापण्या केवळ त्या खोलीत बसून सुजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दिवाळीआधी रंग, दिवाळीनंतर त्रास. ही तारीख मला फार बोलकी वाटते. तुमच्या बाबतीत वाइप्स आणि रंग यांचं रसायन एकच निघालं, तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही.

नवे मॉनिटर. इथे स्क्रीनवर थोडा आरोप ठेवता येतो, पण तो उजेडावर नाही, प्लास्टिकवर. २००० साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी दाखवलं होतं की मॉनिटरच्या प्लास्टिकला आग लागू नये म्हणून घातलेलं ट्रायफेनिल फॉस्फेट हे रसायन, मॉनिटर तापला की हवेत सुटतं. ॲलर्जी करण्याची क्षमता त्याच्यात आहे. मात्र ती क्वचित होते आणि नव्याचा वास ओसरतो तसं हे सुटणंही कमी होत जातं. खिडकी उघडी ठेवता आली तर ठेवा.

आणि चौथी गोष्ट, एसीचा झोत, तोही नाशिकच्या थंडीत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास जातो, निफाडकडे त्याहून खाली. हवा आधीच कोरडी असते. त्यात बंद खोलीतला एसी उरलासुरला ओलावा काढून घेतो. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की त्वचेचा वरचा थर भेगाळतो आणि एरवी सहज सोसवणारा साबण, घाम, धूळसुद्धा झोंबायला लागते. त्यात स्क्रीनकडे टक लावून बघताना आपल्या पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, आपण ते चोळतो. दुपारी तीन-चारला त्रास का सुरू होतो, याचं उत्तर इथे आहे. सकाळपासून सहा तास झोतात बसल्यावरचा तो हिशोब आहे.

तुम्हाला एक प्रयोग सांगते. घरचे म्हणतात स्क्रीन सोडा. तुम्ही नेमकं उलटं करा. दोन्ही मॉनिटर तसेच ठेवा, तितकेच तास काम करा आणि भोवतालचं बदला. वाइप्स पूर्ण बंद, स्क्रीन साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने पुसा, तीही मॉनिटर बंद असताना. साहेबांना सांगून खुर्ची झोतातून हलवा किंवा एसीच्या पात्यांची दिशा फिरवा. नेलपॉलिश, अत्तर, नवीन काजळ, चेहऱ्यावरचे सगळे लेप बंद. हळद-लिंबू-बेसनसुद्धा बंद. लिंबू तर सोललेल्या त्वचेवर कधीच नको. चेहरा कोमट पाण्याने धुवा आणि ओलसर असतानाच साधी, वासाची नसलेली पेट्रोलियम जेली पातळ लावा. पापण्यांनाही चालते. तीन आठवडे हे पाळा. स्क्रीनच दोषी असेल, तर त्रास जसाच्या तसा राहायला हवा. तो कमी झाला, तर उत्तर मिळालं.

आता ट्यूबचं, आणि हे मी सगळ्यात कळकळीने सांगते. दोन दिवसांत बरं आणि बंद केल्यावर दुप्पट, हे वर्णन वाचूनच मला काळजी वाटली. ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलेलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती काउंटरवर सहज मिळतात. चेहऱ्यावर आठवडेच्या आठवडे लावली की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुरळ येतं, आणि मग ऊन, वारा, चुलीची धग, काहीही सोसत नाही. अशा चेहऱ्याला स्क्रीनसमोरही आग होते आणि गॅसपाशीही होते. कदाचित आज तुमच्या आगीतला मोठा वाटा त्या ट्यूबचाच असेल. ती पुन्हा विकत घेऊ नका. पण घाबरून आजच फेकूही नका. ट्यूब घेऊन जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ती कशी सोडवायची हे ते ठरवतील. अचानक सोडली की पहिले दोन-तीन आठवडे चेहरा भडकतो आणि बाई पुन्हा मेडिकलच्या दारात उभी राहते. हे चक्र मी रोज बघते.

ॲलर्जी कशाची आहे हे शोधणाऱ्या पॅच टेस्टबद्दल त्यांना विचारा. पाठीवर संशयित पदार्थांच्या छोट्या चकत्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, तेव्हा बघतात आणि पुन्हा चौथ्या दिवशी बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही. म्हणून नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये ती नकोशी होते. हिवाळा संपायच्या आत करून घ्या. जाताना वाइप्सचं पाकीट, काजळ, टिकलीचं पान, केसांचा रंग, सगळं पिशवीत घालून न्या.

प्रश्न : मॅडम, दिंडोरी तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. वय ५८. निर्यातीच्या मालासाठी फवारणीच्या सगळ्या नोंदी ठेवाव्या लागतात, त्या मी रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर भरतो. गेल्या दोन हंगामांपासून स्क्रीनसमोर बसलो की पापण्या, मान, कानामागे आणि कोपराच्या घडीत भयंकर खाज सुटते. मुलगा म्हणतो, स्क्रीनला संरक्षक काच बसवू. बसवू का?
(एक द्राक्ष बागायतदार)

उत्तर : काका, काचेवर पैसे घालवू नका. कोपराची घडी आणि कानामागची जागा स्क्रीनला दिसत तरी असते का? तुमच्या त्वचेला त्रास देणारी गोष्ट हवेतून येते आणि घडीत जाऊन बसते. उन्हाने त्रास होतो तेव्हा कपाळ, गालांचे उंचवटे, मानेची मागची बाजू लाल होते, आणि वरची पापणी, हनुवटीखालची सावलीतली जागा, कानामागचा भाग हे सहसा वाचतात. तुमचं नेमकं उलटं आहे. वाचायला हवं तेच धरलंय. हा नकाशा बघितला की माझ्या मनात पहिलं नाव येतं गाजरगवताचं.

हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा नजरेत आलं ते १९५०च्या दशकात, पुण्यात. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं, असं मानलं जातं. आज बांधावर, पाटाच्या कडेला, नाशिकच्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर ते आहे. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी होते. त्यासाठी गवत हाताने उपटलेलं असलंच पाहिजे असं नाही. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्याबरोबर उडतो आणि तेवढा पुरतो. आपल्या देशात हवेतून होणाऱ्या त्वचादाहाचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. वर्षानुवर्षं बागेत काही न झालेल्या माणसाला पन्नाशीनंतर ते सुरू होऊ शकतं, त्यामुळे ‘मला आजवर कधी झालं नाही’ हा पुरावा धरू नका. दुर्लक्ष केलं तर पुढे ऊनही सोसेनासं होतं, आणि शेतकऱ्याला ऊन सोसेनासं होणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरा संशय गंधकावर. भुरी या द्राक्षावरच्या बुरशीसाठी गंधक वापरत असाल, तर त्याची बारीक भुकटी पापण्यांना आणि घामाने ओल्या घड्यांना झोंबते. ही ॲलर्जी नव्हे, सरळ जळजळ, आणि ती फवारणीच्या दिवसांपुरतीच असते. तुमच्याकडे तर फवारणीच्या तारखा लिहिलेल्याच आहेत! त्याच तक्त्यात शेजारी एक रकाना करा आणि रोज खाजेला शून्य ते दहा असा आकडा द्या. महिन्याभराने तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. असा कागद घेऊन येणारा पेशंट मला दहा तपासण्यांच्या मोलाचा वाटतो.

मग संध्याकाळीच, स्क्रीनसमोरच खाज का? दिवसभराचा भुगा अंगावर घेऊन तुम्ही तिथे पहिल्यांदा स्वस्थ बसता म्हणून. बागेतून आल्यावर आधी अंघोळ करा, केस धुवा, कपडे बदला आणि मगच नोंदींना बसा. बागेतले कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका. बागेत पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्याला उपरणं. गाजरगवत फुलावर यायच्या आत काढून टाका, पण ते तुम्ही स्वतः काढू नका, आणि काढणाऱ्यांना हातमोजे द्या. वाळलेलं पेटवून तर अजिबात देऊ नका, धुरातूनही त्रास होतो. पापण्यांवर सालं आहेत तोवर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गंगापूर रोडला रूम करून राहतो. थंडीत रजईत बसून लॅपटॉप मांडीवर घेऊन अभ्यास करतो. डाव्या मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेत. खाज नाही, दुखत नाही. स्क्रीनच्या किरणांमुळे का?
(एक विद्यार्थी)

उत्तर : नाही, उष्णतेमुळे. चटका बसणार नाही इतपत गरम, साधारण ४३ ते ४७ अंश, असं काही त्वचेला रोज तासन्‌तास लागलं की खालच्या रक्तवाहिन्यांच्या जाळीच्याच आकाराचे डाग उमटतात. पूर्वी शेगडीजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या नडग्यांवर दिसायचे. लॅपटॉपमुळे झाल्याच्या नोंदी २००४पासून आहेत. बहुतेक यंत्रांत तापणारा भाग एका बाजूला असतो, म्हणून तुझ्या एकाच मांडीवर डाग आहेत. रजईमुळे गरम हवा बाहेर जायला वाट राहत नाही, त्याने ते आणखी वाढतं.

लॅपटॉप आजपासून टेबलावर. डाग सावकाश, काही महिन्यांत फिके होतील, मलम लागत नाही. हे किरकोळ समजून वर्षानुवर्षं चालू मात्र ठेवू नकोस. काश्मिरात पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरणाऱ्यांना त्याच जागी कर्करोग होऊ शकतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. तुझं प्रकरण त्याच्या जवळपासही नाही, पण डागाच्या जागी खरखरीत गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर लगेच दाखव.

प्रश्न : नाशिकरोडला शिक्षिका आहे. ऑनलाइन कामामुळे गालांवरचे वांग वाढले, असं पार्लरमध्ये सांगितलं आणि निळ्या प्रकाशापासून वाचवणारी महागडी क्रीम दिली. वापरू का?

उत्तर : निळ्या प्रकाशाने सावळ्या त्वचेवर काळपटपणा वाढतो, हे खरं आहे. पण तो निळा प्रकाश उन्हातला. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वांग असलेल्या लोकांना रोज ८ तास, सलग ५ दिवस पूर्ण उजेडाच्या स्क्रीनचा प्रकाश दिला, तरी वांग वाढले नाहीत. तुमचे वांग वाढत असतील तर शाळेत जाता-येताचं ऊन, दुपारची मैदानावरची ड्युटी, गर्भनिरोधक गोळ्या, घरातली आनुवंशिकता यांचा विचार करा.

साधं पांढरं सनस्क्रीन दिसणारा प्रकाश फारसा अडवत नाही. वांग असणाऱ्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन घ्यावं. ते लोहाचं रंगद्रव्य उन्हातला निळा प्रकाशही अडवतं. सकाळी घरातून निघायच्या पंधरा मिनिटं आधी दोन बोटांवर मावेल एवढं लावा, मधल्या सुट्टीत पुन्हा लावा, आणि मैदानावर असाल तेव्हा रुंद काठाची टोपी घाला. पार्लरच्या क्रीमच्या डबीवर घटकांची यादी छापलेली नसेल, तर ती चेहऱ्याला लावू नका.